मेलेल्या नंबरांची यादी

शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके ठाणे जिल्ह्यात आहेत हे सरकारला मान्य होतं, मोबाइल कंपन्यांना नव्हतं. त्यांच्या नकाशात कल्याणपर्यंत मुंबई होती आणि कल्याण मागे पडलं की महाराष्ट्र सुरू व्हायचा. मुंबईचं कार्ड घातलेला मुरबाडकर घरी पोचला की आपल्याच अंगणात परदेशी ठरायचा. आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे, त्याला रोमिंग म्हणत. कल्याणला नोकरीला जाणारी मंडळी म्हणून दोन कार्डं बाळगायची आणि एसटीत, रायत्याचा पूल आला की, फोनचं मागचं झाकण उघडून कार्ड बदलायची. नखाएवढी ती कार्डं किती जणांच्या सीटखाली पडली असतील कोण जाणे. हरवलेल्यांना नवीन कार्ड मीच विकायचे, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान होतं. नवरा एसटीच्या वर्कशॉपात, त्यामुळे ती जागा आधी आमच्या नजरेत भरली. नव्वदच्या दशकात तिथे मी एसटीडी बूथ चालवला. पिवळा बोर्ड, काचेची केबिन आणि लाल आकड्यांचा मीटर. त्या मीटरकडे बघत माणसं बारशाची बातमीसुद्धा घाईघाईत उरकायची. गावात फोन मोजके, त्यामुळे अर्ध्या बाजारपेठेच्या लग्नपत्रिकांवर माझ्या बूथचा नंबर असे आणि पुढे पी. पी. अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन माझा, माणूस त्यांचा. फोन आला की मी स्टँडवरच्या कुणाला तरी पिटाळायचे, की अमक्याला सांग, दहा मिनिटांनी परत येईल. तेव्हापासून मला नंबर म्हणजे कुणाचा तरी पत्ता वाटतो, आणि पत्ता खोडणाऱ्याचा मला राग येतो.

दोन हजार सालानंतर मोबाइल आले आणि बूथ ओस पडला. मी केबिनची काच काढून तिथे काउंटर केला आणि एका कंपनीची कार्डं विकायला घेतली. मंगळवारी आणि शुक्रवारी शहापूरच्या बाजारपेठेत टेबल टाकायचे, बाकीचे दिवस मुरबाड. नाव मात्र शेवटपर्यंत 'बूथवाली बाई' असंच राहिलं. बाहेरच्याला वाटतं कार्ड विकणं म्हणजे भाजी विकण्यासारखं काम. एकदा करून बघा. फॉर्म भरा, फोटो चिकटवा, रेशनकार्डाची झेरॉक्स जोडा, अंगठा असेल तर साक्षीदार शोधा, गठ्ठा कल्याणला पाठवा, आणि फोन चालू होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या शिव्या खा. गिऱ्हाईक कंपनी कधी बघत नाही. त्याच्या लेखी मीच कंपनी. टॉवरवर वीज पडली तरी जाब मलाच विचारत आणि नेटवर्क चांगलं असलं तर सिद्धगडच्या देवाला नारळ फोडत.

मग कंपनीने 'आयुष्यभर' नावाचं कार्ड काढलं. एकदा पैसे भरा, पुढे एक पैसा टाकला नाही तरी आलेले फोन आयुष्यभर येत राहतील. ते मी हिरिरीने विकलं. सिद्धगडाच्या पायथ्याला एक कातकरी वाडी आहे, एसटीतून उतरून तासभर चालावं लागतं, तिथेही जाऊन विकलं. तेरा घरं, तेरा कार्डं. फोन त्यांनी कल्याणहून जुने घेतलेले, काहींना रबरबँड लावलेले. वाडीतली सगळ्यात वयस्क बाई बुधीआजी. तिने कार्ड हातात घेऊन मला विचारलं होतं, मी मरेपर्यंत हा वाजेल का. मी म्हटलं, आजी, तुम्ही आहात तोवर वाजेल, माझा शब्द. शब्द देताना मी कंपनीला विचारलं नव्हतं. छापील कागदावर 'आयुष्यभर' लिहिलेलं होतं, मला ते पुरेसं वाटलं.

काही वर्षांनी बातमी आली की आमच्या कंपनीने हा सगळा पट्टा दुसऱ्या कंपनीला विकला. टॉवर त्यांचे, दुकानं त्यांची, गिऱ्हाइकंही त्यांची. नंबर तोच राहणार, फक्त नवा फॉर्म भरायचा आणि नवं कार्ड घालायचं. महिनाभर माझ्या काउंटरवर जत्रा होती. शहापूरच्या एका भातगिरणीवाल्याला एकच काळजी, की 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' असं सांगणारी बाई तीच राहणार की बदलणार. त्याला तिच्या आवाजाची सवय झाली होती.

उंबरमाळीचे एक निवृत्त गुरुजी शुक्रवारी शहापूरच्या टेबलावर आले. त्यांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मला विकण्याआधी मला कोणी विचारलं होतं का?"

मी म्हटलं, गुरुजी, तुम्हाला नाही, कंपनीला विकलंय. ते म्हणाले, गोठा विकला की बैल कुठे जातात ते मला माहीत आहे. मग त्यांनी सही केली आणि सहीखाली फळ्यावरच्या सुबक अक्षरात लिहिलं, 'मी स्वतः जात आहे, मला नेण्यात आलेले नाही.' कल्याणहून तो फॉर्म परत आला, जादा मजकूर आहे म्हणून. नवा फॉर्म भरायला मला पाच मिनिटं लागली असती. मी भरला नाही. तोच पुन्हा पाठवला. तो पुन्हा आला, मी पुन्हा पाठवला. चौथ्या खेपेला त्यांनी निमूट घेतला. मला त्या आठवड्यात उगीचच ताठ चालल्यासारखं वाटत होतं.

मग यादी आली. माझ्याकडच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, नंबर, आणि शेवटच्या रकान्यात 'वापर'. तीन महिन्यांत ज्याच्या फोनवरून एकदाही बोलणं झालेलं नाही त्याच्यापुढे शून्य, आणि त्या ओळीवर तांबडी रेघ. ऑफिसात या नंबरांना 'डेड' म्हणत. डेड नंबर नव्या कंपनीकडे न्यायचे नाहीत, मुदत संपली की बंद. वाडीचे तेराच्या तेरा नंबर रेघेखाली होते.

नव्या कंपनीचे साहेब पुण्याहून आलेले होते, पस्तिशीचे, बोलायला मऊ. माणूस वाईट नव्हता, हे मी आज कबूल करते. मी त्यांना फोन करून म्हटलं, यांना आयुष्यभर म्हणून लिहून दिलेलं आहे. ते म्हणाले, "ते जुन्या कंपनीने दिलंय, मॅडम. आणि आयुष्यभर म्हणजे ग्राहक जिवंत असेपर्यंत. हे जिवंत कुठे आहेत?" मग समजुतीच्या सुरात सांगितलं, की दोन्ही तालुक्यांची एजन्सी कोणाला द्यायची ते अजून ठरायचंय, ज्याची यादी स्वच्छ त्याचा विचार आधी होईल. तेरा नावं मी स्वतः कापून पाठवली तर पुढच्या आठवड्यात माझ्या दुकानावर नवा बोर्ड लागेल. मी म्हटलं, कापायची नसतील तर? त्यावर एक वाट होती. मुदतीच्या आत प्रत्येक फोनवरून एक तरी बोलणं व्हायला हवं. नुसते पैसे भरून भागणार नाही, बोलणं झालं पाहिजे. आणि शेवटच्या दिवशी मुरबाडला, माझ्याच दुकानात, साहेबांचा कॅम्प होता, तिथे ग्राहकाने फोन घेऊन हजर राहायचं. साहेब त्याच्या नंबरवर फोन लावणार, त्याने उचलायचा आणि नाव सांगायचं. मुदतीला पाच दिवस उरले होते.

आता वाडीचे नंबर मेले का होते, ते सांगायला हवं. दिवाळी झाली की ही माणसं पडघ्याच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जातात. एक कुटुंब या भट्टीवर, दुसरं त्या. शिमग्याला एकदा घरी येतात, मग थेट पावसाच्या तोंडावर. वाडीत मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यात एकच फोन, बुधीआजीचा. दर आठवड्याला भट्टीला सुट्टी असते त्या संध्याकाळी बाराही घरांनी तिला एक रिंग द्यायची आणि आपणच बंद करायचा. एक रिंग म्हणजे आम्ही खुशाल. बुधीआजी बारा चिंचोके घेऊन बसायची आणि रिंग वाजली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायची. वाटी रिकामी झाली की वाडी जेवायला बसायची. कोणाचा फोन वाजला ते तिला कळत नसे, कळायची गरजही नव्हती. बारा झाले की झालं. यात एक सभ्यपणा होता. समोरचा फोन बंद करायला विसरला तर आपण पटकन कापायचा, त्याचा पैसा वाचवायचा. उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. अशी चार वर्षं त्यांनी एक शब्द न बोलता काढली, आणि कंपनीच्या यंत्राला ती तेरा मेलेली माणसं दिसत होती.

एवढं मला माहीत होतं. सगळं माहीत नव्हतं, तिथेच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी वाडीवर गेले. बुधीआजीला सांगितलं, कंपनी बदलली, तुमच्या फोनवरून एकदा तरी बोलायला लागेल, नाहीतर नंबर जाईल. तिने विचारलं, नंबर गेला तर पोरांनी कुठे वाजवायचं? मी म्हटलं, म्हणून तर आलेय. तिने फोन माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेली. वाडीत रेंज येते ती मागच्या कातळावर. मी कातळावर गेले, त्या फोनमध्ये दुकानातूनच दहा रुपये भरून ठेवले होते. मी माझ्या नवऱ्याला लावू शकले असते. बहिणीला लावू शकले असते. दोन मिनिटं बोलून काम झालं असतं. पण मला भारी उमाळा आला. एवीतेवी एक फोन करायचाच आहे तर म्हातारीला मुलाचा आवाज ऐकू दे, दिवाळीपासून ऐकला नसेल, असं मनात आलं. तिचा मुलगा लहानू, त्याचा नंबर माझ्याच यादीत होता. तो लागला की तिला हाक मारायची असं ठरवून मी लावला.

त्याने कापला. मी पुन्हा लावला. पुन्हा कापला. मला वाटलं, कामात असेल. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्याने कापला नाही आणि उचललाही नाही. शेवटपर्यंत वाजून बंद पडला. मी आणखी दोनदा लावला. दोन्ही वेळा पूर्ण वाजला.

बुधीआजी चहा घेऊन वर आली. मी म्हटलं, तुमचा लहानू काही उचलत नाही, पाचदा लावला, शेवटी तीनदा तर पूर्ण वाजला. तिने चहाची कपबशी कातळावर ठेवली आणि स्वतःही खाली बसली.

"पुरा वाजू दिलास?"

मी हो म्हटलं.

"आता पोरं निंगाली गो," ती म्हणाली. "पुरा वाजला म्हंजी मौत."

एक रिंग म्हणजे खुशाल हे मला माहीत होतं. पूर्ण वाजू दिलेला फोन म्हणजे वाडीत कोणीतरी गेलं, असाल तसे या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण चार वर्षांत तशी वेळ एकदाच आली होती. आणि फोन बुधीआजीचा. तो तिच्या मुलालाच पूर्ण वाजला याचा भट्टीवर एकच अर्थ निघणार होता, की आजीच गेली. मी घाईघाईने लहानूला परत लावला. बंद. मग यादीतले बाकीचे अकरा नंबर लावले. काही लागले नाहीत, काही बंद. बुधीआजी म्हणाली, नको लावू, मौतीचा निरोप आला का आमची मानसं फोन बंद करत्यात, आता आजून काय ऐकायचं ऱ्हायला. मुकादमाचा नंबर वाडीत कुणाकडेच नव्हता. मी दुपारच्या एसटीने मुरबाडला परतले. तेवढ्या प्रवासात मी स्वतःला जे जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास कल्याणची एसटी स्टँडवर लागली आणि ती सगळी उतरली. एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर निरोप चालत गेला होता, बाराही घरची माणसं आली होती. बायकांचे चेहरे सुजलेले. लहानू माझ्या दुकानाकडे न बघता सरळ शेजारच्या कापडाच्या दुकानात शिरला. मी काउंटर तसाच टाकून धावले. मी पोचले तेव्हा दुकानदार पांढरं कापड मोजून फाडत होता.

मी म्हटलं, "लहानू, कापड नको घेऊ. तुझी आई चांगली आहे. काल मला चहा दिलाय तिने."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग कापडाकडे बघितलं. "मंग फोन कोनी वाजिवला?"

"मी वाजवला."

त्याची बायको दुकानाच्या पायरीवर बसली आणि हमसून रडायला लागली. इतर बायका तिच्याभोवती जमल्या. कुणी हसलं नाही. लहानू माझ्यावर हात उगारेल असं मला वाटलं आणि उगारला असता तर मी हलले नसते. पण तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "बूथवाली बाय, तुमाला बोलायचा व्हता तं बोलायचा. वाजवायचा कशाला?"

 न वाजवता बोलायचं कसं, असा माझा, बूथवालीचा हिशेब. त्यांच्या हिशेबात वाजवणं हेच बोलणं होतं. त्यांची चार दिवसांची विटांची थापणी माझ्यापायी बुडाली. मुकादम नंतर त्यांना काय काय बोलला तेही मला कळलं. मी सगळ्यांसमोर हात जोडले. ही चूक माझी आहे आणि ती मी कंपनीच्या माथी मारणार नाही. फाडलेलं कापड दुकानदार परत घेईना. ते मी घेतलं, घरी उशांचे अभ्रे शिवले. बरीच वर्षं टिकले.

पण आईला डोळ्यांनी बघितल्याशिवाय लहानू परत जायला तयार नव्हता, आणि बाकीचेही नव्हते. मग माझ्या डोक्यात आलं, की ज्यांना गोळा करणं मला पाच दिवसांत जमलं नसतं ते बाराच्या बारा फोन आता एका एसटीतून उतरलेत, आणि कॅम्प तीन दिवसांवर आहे. ते तीन दिवस ती थांबणार का? मी लहानूला सगळं नीट सांगितलं, यादी दाखवली, तांबडी रेघ दाखवली.  त्याने रेघेवर बोट ठेवून विचारलं, या रेघेचा अर्थ काय? मी म्हटलं, तुम्ही मेलात असा. तो म्हणाला, थांबतो.

मी त्यांच्याबरोबर वाडीवर गेले. बुधीआजी ओट्यावर उभी होती. तिने लेकाला बघून आधी शिवी दिली, काम टाकून आला म्हणून, मग त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. जेवणं झाली. मग तेरा फोन घेऊन आम्ही सगळे कातळावर गेलो आणि मी त्यांना एकमेकांना फोन लावायला शिकवलं. शिकवायचं होतं फक्त हिरवं बटण दाबायला, पण कोणाची छाती होईना. कितीतरी वेळ नुसते एकमेकांचे फोन कापत बसले. शेवटी बुधीआजीने लावला आणि दहा पावलांवर उभ्या असलेल्या लहानूने डोळे मिटून हिरवं बटण दाबलं. दोघं फोन कानाला धरून उभे, बोलेना कोणी. मी ओरडले, आजी, काहीतरी बोला, नाहीतर कंपनी हे बोलणं धरणार नाही. तिने विचारलं, "जेवलास का?" तिच्याच हातचं तासाभरापूर्वी जेवलेला तो पोरगा फोनमध्ये म्हणाला, "व्हय, आये."   

कॅम्पच्या दिवशी ती सगळी सकाळीच माझ्या दुकानापुढे येऊन बसली. फॉर्म मी लिहून ठेवले होते, अंगठे घेतले होते. साहेबांनी यादी बघितली आणि ते गंभीर झाले. म्हणाले, मॅडम, तीन महिने शून्य, आणि तीन दिवसांपूर्वी एकाच दुपारी, एकाच टॉवरवरून, तेराही जणांनी एकमेकांनाच फोन केले. हे मी वर कसं दाखवू? मी म्हटलं, जसं झालं तसं दाखवा. बोलणं झालं पाहिजे असा तुमचा नियम होता, काय बोलावं याचा नव्हता. ते म्हणाले, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. त्यांनी बॅगेतून एक टाइप केलेला कागद काढला. वरील तेरा अर्ज संशयास्पद वाटल्याने मी मागे घेत आहे, असं त्यात होतं, आणि खाली माझ्या सहीची जागा. दुसरा कागद एजन्सीचा होता, दोन्ही तालुक्यांचा, आणि तो त्यांनी पहिल्याच्या शेजारी ठेवला.

मला एजन्सी हवी होती. हे लपवण्यात अर्थ नाही. दहा वर्षं त्या जागेत बसून मी तो धंदा उभा केला होता आणि तो माझ्या हातून जाणार हे मला समोर दिसत होतं. पण बुधीआजी दारात बसून माझ्याकडे बघत होती आणि तिला 'आयुष्यभर' मी सांगितलं होतं, साहेबांनी नव्हतं. मी दोन्ही कागद त्यांच्याकडे सरकवले आणि म्हटलं, पडताळणी सुरू करा.

ते एकेकाला फोन लावत गेले. बाराजणांनी उचलला आणि आपलं नाव सांगितलं. एकाने बापाचंही सांगितलं, आजोबांचंही सांगत होता, साहेबांनी थांबवलं. शेवटी बुधीआजी. ती त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेली, फोन कमरेच्या पिशवीत. साहेबांनी लावला. पिशवीत एक रिंग वाजली, तिने फोन काढला, कापला आणि पिशवीत ठेवला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आजी, उचलायचा असतो. ती मान हलवून हो म्हणाली. साहेबांनी पुन्हा लावला. तिने पुन्हा कापला, चटकन, अगदी सवयीने, आणि मग साहेबांकडे मायेने बघून म्हणाली,

"कळला रे बाबा. खुशाल हायस ना तू? बास झाला. किती पैसं घालवशील?"

 साहेबांच्या हातात फोन तसाच होता. फॉर्मवर शेवटची ओळ होती, 'ग्राहकाने प्रतिसाद दिला', आणि पुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन. त्यांचं पेन 'नाही'च्या जवळ गेलं. मी फॉर्म त्यांच्या हाताखालून ओढला, 'होय'वर खूण केली आणि खाली माझी सही केली. त्यांना मला अडवायचं असतं तर अडवू शकले असते. त्यांनी फॉर्म घेतला आणि बाकीच्या बारांच्या खाली ठेवून दिला.

तेराही नंबर नव्या कंपनीकडे गेले. माझं दुकान गेलं, एजन्सी दुसऱ्याला मिळाली. तीन-चार महिन्यांनी मुंबईहून तपासणी झाली, पडताळणीचे फोन रेकॉर्ड होत असत, तेराव्या अर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये ग्राहकाचा आवाजच नाही हे सापडलं, आणि मला पत्र आलं. ग्राहकाने फोन उचललेला नसताना प्रतिसाद दिल्याची खोटी नोंद आपण का केली, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. नवरा म्हणाला, माफी माग, चूक झाली लिही, सोडून देतील. माझी जी चूक होती तिची माफी मी कापडाच्या दुकानात मागितली होती. या कागदावर माझी चूक नव्हती. मी उत्तर लिहिलं, त्याची नक्कल माझ्याजवळ आहे:

'ग्राहकाने प्रतिसाद दिलेला आहे. आपले अधिकारी खुशाल असल्याचे तिला समजले आणि समजल्याचे तिने त्यांना समक्ष सांगितले. वर त्यांचे पैसेही वाचवले. फोनने याहून अधिक काय करायचे असते, ते कृपया लेखी कळवावे. नोंद खरी आहे. सही माझी आहे.'